साझाए

साझाए हा शब्द मला आधी बाई म्हणून भेटला, गोगलगाय म्हणून नंतर. जपानीच्या क्लासमध्ये सेन्सेईंनी साझाए-सान दाखवलेलं, ती कार्टूनमधली गमतीदार केसांची गृहिणी, १९६९ पासून दर रविवारी संध्याकाळी साडेसहाला टीव्हीवर असते. ते संपलं की उद्या ऑफिस या विचाराने तिथल्या लोकांचं तोंड उतरतं, त्याला चक्क साझाए-सान सिंड्रोम म्हणतात. नावाचा अर्थ विचारायचं मात्र मला तेव्हा सुचलंच नाही.

मग टोकियोजवळच्या एनोशिमा बेटावर गेले तर एका टपरीवर जाळीवर चार-पाच शंख तोंड वर करून पडलेले, आतून सोया सॉस रटरट उकळतोय, आणि पाटीवर लिहिलंय साझाए! अगं बाई, ही तर आपली रविवारची! नंतर कळलं की अख्खं खानदानच समुद्रातलं आहे, भाऊ कात्सुओ म्हणजे ट्युनासारखा मासा, बहीण वाकामे म्हणजे समुद्री शेवाळ, मुलगा तारा म्हणजे कॉड. साझाए-सान रचणाऱ्या हासेगावा माचिको बाईंना म्हणे ही नावं फुकुओकाच्या किनाऱ्यावर फिरताना सुचली. आपल्याकडे कोणी लेकीचं नाव तिसरी आणि लेकाचं बोंबील ठेवलं तर आजी उंबरा ओलांडू देणार नाही.

आणि गंमत म्हणजे घराघरात नाव माहीत असलेल्या या गोगलगायबाईला शास्त्रात स्वतःचं नावच नव्हतं. इतकी वर्षं चीनकडच्या भलत्याच गोगलगायीचं नाव हिला चिकटवलेलं, ते ओकायामा विद्यापीठातल्या संशोधकाच्या लक्षात आलं, आणि २०१७ साली हिचं रीतसर बारसं झालं, टर्बो साझाए. खाताना कोणाचं काही अडलं नव्हतं म्हणा.

तर माझी प्लेट. तोंडावर चुन्यासारखं टणक झाकण, ते बाजूला करून काडी खुपसायची आणि काडी नाही, शंख फिरवायचा, असं टपरीवालीने हाताने करून दाखवलं. मी अर्थातच काडीच फिरवली, निम्मं मांस आतच तुटलं, मग शंख आपटत बसले. कसंबसं शेपूट निघालं ते हिरवंगार, म्हणजे मादी, आणि कडू म्हणजे कारल्याच्या वर. शेजारचे आजोबा बिअर घेत मजेत बघत होते. हट्टाने दुसरी घेतली, ती पांढरट निघाली, म्हणजे नर, कडूही कमी. पण खरं सांगू, हिरवीच बरी होती.