पाण्यात चालतं म्हणून घेतलं, पाणी गेलं म्हणून नाकारलं : माझा अनुभव

पोहताना कानात काहीतरी वाजलं पाहिजे ही चैन आहे, गरज नाही, हे मला सासूबाईंपासून तलावावरच्या सरांपर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय, त्यामुळे ते कोणी परत सांगू नका. पाठीच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, नाशिकला त्र्यंबक रोडच्या सावरकर तलावावर सकाळी जाते, आणि तीच भिंत, तीच फरशी, परत वळायचं, परत तीच फरशी. म्हणून पोहताना कानाला लावायचं ऐकण्याचं यंत्र घ्यायचं ठरवलं, मला त्यावर कीर्तनं आणि कथाकथन ऐकायचं होतं. गाण्यांचं फारसं नाही. हे आधी सांगते कारण गाणी ऐकणाऱ्याची निवड वेगळी होऊ शकते.

एम.जी. रोडला मोबाईलची इतकी दुकानं, पण "पोहताना वापरायचंय" म्हटलं की जो तो साधे ब्लूटूथ बड पुढे ठेवतो आणि म्हणतो, वॉटरप्रूफ आहे मॅडम, बिनधास्त घ्या. डबा उलटा करून बघितला तर बारीक अक्षरात आयपीएक्स ४, म्हणजे यंत्राला पाणी किती झेपतं त्याचा आकडा. चार म्हणजे नुसते शिंतोडे, घाम, रिमझिम. सात म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, आणि आठ म्हणजे त्याच्या पुढे, पण किती खोल आणि किती वेळ हे कंपनीच ठरवते, त्यामुळे नुसता आठ बघून खूश होऊ नका, मीटर आणि मिनिटं लिहिलेली आहेत का ते बघा. शिवाय ही टेस्ट साध्या, गोड्या, स्थिर पाण्यात होते. क्लोरीन त्यात नाही, गरम पाणी नाही, समुद्र तर नाहीच.

आणि आकडा आठ असला तरी ब्लूटूथवाला घेऊन उपयोग शून्य. ब्लूटूथच्या लहरी पाणी शोषून घेतं, वीतभर पाण्यातसुद्धा सिग्नल टिकत नाही, फोन काठावर ठेवला तरी डोकं पाण्यात गेलं की आवाज बंद, वर काढलं की सुरू. म्हणून मेमरी आतच असलेला एमपी थ्रीवाला पाहिजे. हे मला भाच्याने सांगितलं, दुकानदारांपैकी एकानेही नाही, एकाने तर "मेमरी कशाला, फोन आहे ना तुमच्याकडे" असं मलाच विचारलं.

बाकी निवड पटकन झाली. कानात घट्ट बसणारे असतात, त्यात आवाज छान येतो पण रबर नीट बसलं नाही आणि कानात पाणी शिरलं की आवाज गेलाच. दुसरे हाडातून ऐकवणारे, कानाच्या पुढे गालाच्या हाडावर टेकतात, कान मोकळे. बोलणं ऐकायला हे चांगले, ढोलकी-तबल्याचा ठेका मात्र पातळ येतो. मी हाडवाला घेतला. शॉक्झ कंपनीचं ओपनस्विम असतं ४ जीबीचं, त्याच्यातच प्रो म्हणून ३२ जीबीचं ब्लूटूथसकट, सोनीचा वॉकमनही कानात घालायचा येतो ४ जीबीपासून. मी घेतलेला यातला कुठलाच नाही, स्वस्तातला दुसरा होता, आयपीएक्स ८, दोन मीटरपर्यंत असं पुस्तिकेत छापलेलं, डब्यावर पोहणाऱ्या बाईचा फोटो. हा फोटो लक्षात ठेवा, पुढे कामाला आला.

महिना-दीड महिना झकास चाललं. मग एके दिवशी महाराज अभंगाचं निरूपण करता करता घोगरे झाले, मग बुडबुड्यासारखा आवाज, मग गप्प. घरी येऊन पुसलं, वाळवलं, चार्जिंगला लावलं, लाल दिवासुद्धा नाही.

इथून खरी गोष्ट सुरू होते.

ज्या साइटवरून घेतलं त्यांना विचारलं तर रिटर्नची मुदत संपली, आता ब्रँडकडे जा. ब्रँडच्या नंबरवर फोन केला तर इंग्रजीसाठी एक दाबा, हिंदीसाठी दोन दाबा, आणि शेवटी एका मुलीने सांगितलं की तुमच्या जवळच्या सर्व्हिस सेंटरला जमा करा. जवळचं म्हणजे कॉलेज रोडला एका कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर, गाडी लावायला जागा नाही, आणि तिथे गेल्यावर कळलं की हे सर्व्हिस सेंटर नाहीच, हे नुसतं कलेक्शन सेंटर आहे, इथे घेतात आणि मुंबईला पाठवतात. काउंटरवरचा मुलगा चांगला होता, त्याचं काही नाही. त्याने डबी, केबल सगळं मागून घेतलं, "टेस्टिंगला लागतं मॅडम", आणि एक जॉब शीट दिली, त्यावर तक्रारीच्या रकान्यात लिहिलं "डेड". बास. पोहताना बंद पडलं वगैरे काही नाही. मी म्हटलं पूर्ण लिही ना, तर म्हणाला सिस्टीममध्ये एवढीच जागा आहे.

मग वाट बघणं. मेसेज यायचा, "आपले उपकरण तपासणीत आहे." आठवड्याने परत तोच. फोन केला की "दोन वर्किंग डेज". मध्ये गणपती आले आणि गेले. आमचे हे म्हणायला लागले की सोड, नवीन घे, पण मला पैशांपेक्षा त्या "तपासणीत आहे" चा राग यायला लागला होता.

शेवटी मेसेज आला, घेऊन जा. मला वाटलं दुरुस्त झालं. गेले, तर तोच पीस, तसाच बंद, आणि सोबत कागद, "लिक्विड इनग्रेस, आउट ऑफ वॉरंटी." मी दोनदा वाचलं.

मी विचारलं, म्हणजे काय रे?

"मॅडम, आत पाणी गेलंय. वॉटर डॅमेज वॉरंटीत येत नाही."

मी म्हटलं हे पोहण्याचंच यंत्र आहे. तर म्हणाला हो मॅडम, पण पाणी आत गेलंय ना. मी म्हटलं पाणी आत गेलं हीच तर माझी तक्रार आहे, जाऊ नये म्हणून तर पैसे दिले. तर तो परत, "पण मॅडम, पॉलिसीत लिक्विड डॅमेज कव्हर नाही." म्हणजे छत्री गळते म्हणून दाखवायला न्यावी आणि छत्री ओली आहे म्हणून परत करावी, तसं. मागे आणखी दोघंतिघं उभे, एकजण हसला, आणि तेवढ्यात त्या मुलाने मॅडमचं काकू केलं. "काकू, माझ्या हातात काही नाहीये हो, मुंबईवाले ठरवतात." वाद वाढला की मॅडमची काकू होते, हे मी बँकेतसुद्धा बघितलंय.

मी विचारलं, मुंबईवाल्यांनी हे उघडून बघितलं ना? हो म्हणाला, आत एक पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो, त्याचा फोटो आहे. फोटो दाखव म्हटलं. दाखवला. लाल झालेला टिकलीएवढा स्टिकर, आणि शेजारी सीलचं रबर, एका कडेला वर उचललेलं, स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं बघ, हे रबर नीट बसलेलंच नाही. तो म्हणाला ते उघडताना उचललं गेलं असेल. असेल! मी तो फोटो माझ्या मोबाईलवर पाठवायला लावला, आणि ज्यांना अशी वेळ येईल त्यांनी हे आधी करा, तिथे उभं असतानाच फोटो मागा, घरी येऊन मेल केला तर कोणी देत नाही.

दुसरं, नाकारल्याचं कारण कागदावर घ्या, सही-शिक्क्यासकट. तोंडी "होत नाही" ला काही किंमत नाही. मला तो कागद मिळाला म्हणून पुढचं झालं.

घरी येऊन वॉरंटी कार्ड काढलं. खरंच लिहिलंय, शेवटून तिसऱ्या ओळीत, द्रवामुळे झालेलं नुकसान वगळून. पोहण्याच्या यंत्राच्या कार्डावर! साध्या इअरफोनचं कार्ड तसंच छापलंय बहुतेक. म्हणून माझं आता एकच सांगणं आहे, मीटर बघा, मेमरी बघा, सगळं बघा, पण विकत घ्यायच्या आधी वॉरंटीच्या अटी उघडून "लिक्विड" शब्द शोधा, आणि तो सापडला तर कंपनीच्या चॅटवर सरळ विचारा की पोहताना पाणी गेलं तर वॉरंटी आहे का, आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. उत्तर गोलमोल आलं तर घेऊच नका, मग तो कितीही स्वस्त असो.

मग मी मेल लिहिला. भाचा म्हणाला मावशी, शिव्या नको, मुद्दे लिही. मुद्दे लिहिले. डब्यावरचा पोहणाऱ्या बाईचा फोटो, पुस्तिकेतलं दोन मीटरचं पान, बिल, नाकारल्याचा कागद, उचललेल्या रबराचा फोटो, आणि खाली एक वाक्य की तुम्ही पोहण्यासाठी म्हणून विकता आणि पाण्यासाठी वॉरंटी नाकारता, तर यातलं खरं कुठलं ते लेखी कळवा. ब्रँडला आणि साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला दोघांनाही. ऑनलाइन विकणाऱ्यांना असा अधिकारी नेमावाच लागतो, २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. पोच आली वेळेवर. निवारण म्हणजे "आपण सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधावा."

मग १९१५ ला फोन केला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोलता येतं, तक्रारीचा नंबर मिळतो. तो नंबर घालून परत मेल, आणि यावेळी लिहिलं की जिल्हा ग्राहक आयोगात मी नाशिकलाच तक्रार करू शकते, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक राहतो तिथे करता येते, आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. मला भांडायला वेळ आहे हे त्यांना कळलं असावं, कारण मग फोन आला. इतके दिवस मी करत होते, आता त्यांचा आला. बाई गोड आवाजात म्हणाली, "गुडविल म्हणून आम्ही यावेळी एक्सेप्शन करतोय." गुडविल कसलं डोंबलाचं, पण मी काही बोलले नाही, बदली पीस पाठवा म्हटलं. त्या दिवशी ऑफिसात सगळ्यांना पेढे द्यावेत इतका आनंद झाला होता, दिले नाहीत.

नवीन पीसला मी आता ज्या काळज्या घेते त्या जशा आठवतील तशा सांगते. तलावातून आल्यावर साध्या नळाच्या पाण्याने धुवायचं, क्लोरीन तसंच राहू द्यायचं नाही. गीझरच्या गरम पाण्याखाली कधीच नाही. चार्जिंगच्या पिना कोरड्या झाल्याशिवाय चार्जिंग नाही, ओल्या पिनांवर करंट दिला की त्या हिरव्या पडतात. मी पुसून संध्याकाळपर्यंत तसंच ठेवते.

कानात इअर प्लग घाला, डब्यात येतात बऱ्याचदा. आधी मला ते विचित्र वाटलं, ऐकायचंय आणि कान बंद करायचे, पण हाडवाल्याला कान बंद असले की आवाज भरून येतो, तो पातळ ठेकासुद्धा. फक्त सरांची शिट्टी कमी ऐकू येते, त्यामुळे कडेची लेन घ्या आणि आवाज बेताचा ठेवा, सरांना आधी सांगून ठेवा. कॅप वरून घट्ट ओढली की पट्टी सरकत नाही.

ॲपमध्ये डाउनलोड केलेल्या गोष्टी यात जात नाहीत, त्या ॲपच्या बाहेर निघतच नाहीत. स्वतःची एमपी थ्री फाईल लागते. बोलण्याच्या फाईल ६४ केबीपीएस एवढ्या हलक्या क्वालिटीला केल्या तर तासाला २९ एमबीच्या आसपास लागतात, म्हणजे ४ जीबी नुसत्या ऐकण्याला महिनोन् महिने पुरतं, ३२ च्या मागे लागू नका. एकेक फाईल फार मोठी ठेवू नका. स्क्रीन नसते, तासाभराच्या कीर्तनात मध्येच थांबलं की परत पहिल्यापासून गण-गवळण, दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा. आणि काही यंत्रं नावाच्या क्रमाने नाही, ज्या क्रमाने टाकल्या त्या क्रमाने वाजवतात, त्यामुळे सगळ्या एकदम न टाकता ओळीने टाका. माझ्याकडे पहिल्या वेळी आख्यान आधी संपलं आणि पूर्वरंग नंतर आला.

एक राहिलंच. जमा करताना डबी आणि केबल देऊ नका, तो कितीही म्हणाला तरी. द्यायचीच वेळ आली तर जॉब शीटवर "केबलसह" लिहून घ्या. ही मॅग्नेटवाली केबल त्याच यंत्राची असते, बाजारात दुसरी चालत नाही. बदली पीस आला तो नुसता पीस आला, केबल नाही, आणि कलेक्शन सेंटरचं म्हणणं की जॉब शीटवर ॲक्सेसरीज "नील" आहे. मी ती कंपनीच्या साइटवरून वेगळी विकत घेतली, बिल ठेवलंय, आणि त्याच १९१५ च्या तक्रारीत केबलचे पैसे म्हणून मुद्दा वाढवलाय. काल मेसेज आला, "आपली तक्रार तपासणीत आहे."