तुम्ही विचारलंत म्हणून: अंतराळाच्या भाषणात पाळीचा विषय कशाला?

भाषण संपलं की कोणीतरी बाजूला घेऊन विचारतंच, मॅडम, रॉकेट वगैरे छान सांगता, पण मुलांसमोर पाळी कशाला काढता?

तर ऐका. काही वर्षांपूर्वी एका शाळेत नववीतल्या मुलीची चिठ्ठी आली, वहीचं पान फाडून चार घड्या घातलेली. अंतराळात बाईला पाळी आली तर रक्त बाहेर येतं का? मला उत्तर येत होतं. येतं, कारण गर्भाशयच आकुंचन पावून ते बाहेर ढकलतं, नुसतं वजनाने खाली पडत नाही. दोन वाक्यांचं काम. पण पहिल्या रांगेत मुख्याध्यापक, मागे पोरं खिदळायला लागलेली, मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि म्हटलं वेळ संपली. ती वेणीची रिबीन बोटाला गुंडाळत बसली होती, तिने मान खाली घातली ती शेवटपर्यंत वर केली नाही.

वेळ संपली नव्हती, चांगली दहा मिनिटं होती. तेव्हा मी मनाशी म्हटलं, पालक तक्रार करतील, पुन्हा बोलावणार नाहीत. ते खोटंही नव्हतं हो, पण मी घाबरले होते हे जास्त खरं.

आणि प्रश्न काही फालतू नव्हता. १९८३ साली अमेरिकेची पहिली महिला अंतराळवीर सॅली राइड आठवड्याभरासाठी निघाली तेव्हा नासाच्या इंजिनिअरांनी तिला विचारलं होतं, १०० टॅम्पॉन, म्हणजे पाळीत रक्त शोषायला आत ठेवायचे कापसाचे बोळे, पुरतील ना? आता बऱ्याच जणी गोळ्या घेऊन पाळी थांबवतात, मंगळाच्या तीन वर्षांच्या मोहिमेला एकीला साधारण ११०० गोळ्या लागतील असा २०१६ चा हिशोब आहे. त्यात २०१९ च्या अभ्यासात ११ पैकी ६ अंतराळवीरांच्या मानेच्या शिरेत रक्त साचलेलं किंवा उलटं वाहताना दिसलं, एकाला तर गुठळी झालेली. पाळी थांबवायच्या ज्या गोळ्यांत इस्ट्रोजेन हे संप्रेरक असतं, त्यांनी गुठळीचा धोका वाढतो हे इथे जमिनीवरच माहीत आहे, मग तिथे किती जपायला हवं! हे विज्ञान नाही तर काय आहे?

मुलींना वेगळं बसवून सांगा, असंही सुचवतात. एकदा केलं तसं. मुलगे येऊन खिडकीशी उभे राहिले. त्यांना ऐकायचं होतं की चिडवायचं होतं ते मला कळलं नाही, आणि खिडकी लावून घ्यायला मी कुणाला सांगितलंही नाही.