ट्युनिस : क्रांतीनंतरच्या पक्षांच्या खुणा शोधताना

2011 च्या क्रांतीची जागा बघायला ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसला येणारे बहुतेक जण हबीब बुर्गिबा रस्त्यावर फोटो काढून मदिनेच्या, म्हणजे जुन्या शहराच्या, बाजारात शिरतात. (गृहमंत्रालयाच्या इमारतीचे आणि पोलिसांचे फोटो मात्र काढू नका.) माझं मत विचाराल तर सुरुवात मोहम्मद पाचवा रस्त्यावरच्या उंच इमारतीपासून करावी. हुकूमशहा राष्ट्राध्यक्ष बेन अलींच्या आरसीडी या सत्ताधारी पक्षाचं हे तेव्हाचं मुख्यालय. बेन अली 14 जानेवारी 2011 ला देश सोडून पळाले आणि 9 मार्चला न्यायालयाने त्यांचा पक्षच विसर्जित केला. सत्तेचं सगळं यंत्र ज्या पक्षातून चालायचं, तोच नाहीसा झाला.

तिथून बुर्गिबा रस्त्याने पश्चिमेकडे, मदिना ओलांडून कस्बा चौकात या. समोर पंतप्रधानांचं कार्यालय आहे. 2011 च्या जानेवारी-फेब्रुवारीत देशाच्या आतल्या भागांतून आलेल्या तरुणांनी इथे दोनदा ठिय्या दिला. जुन्या राज्यघटनेला ठिगळं नकोत, निवडून आलेली घटना समिती हवी, ही त्यांची मागणी. पंतप्रधान मोहम्मद घन्नूशी यांना 27 फेब्रुवारीला जावं लागलं. ठिय्या देणाऱ्यांनी सरकार पाडलं, पण उमेदवार याद्या बनवणं हे पक्षांचं काम होतं आणि बघता बघता शंभराहून अधिक पक्ष नोंदले गेले.

खरा खेळ मतमोजणीच्या नियमात होता. मत एका उमेदवाराला नव्हे, उमेदवारांच्या यादीला द्यायचं. समजा मतदारसंघात 8 जागा आणि 80,000 मतं आहेत. म्हणजे एका जागेचा कोटा 10,000. 40,000 मतांच्या यादीला 4 जागा थेट मिळाल्या, 13,000 वाल्या यादीला 1. उरलेल्या 3 जागा ज्यांच्याकडे कोटा वजा जाता सर्वांत जास्त मतं शिल्लक, त्यांना. छोट्या याद्यांकडे 7,000, 6,000 आणि 5,000 मतं असतील तर त्या तिन्ही जागा त्यांच्याच. म्हणजे कुणाला 10,000 मतांना एक जागा, तर कुणाला 5,000 लाच. त्यामुळे 23 ऑक्टोबर 2011 च्या घटना समितीच्या निवडणुकीत सर्वांत मोठा ठरलेल्या एन्नाहदा या इस्लामवादी पक्षाला 217 पैकी 89 जागा मिळाल्या. सीपीआर आणि एत्तकातोल या धर्मनिरपेक्ष पक्षांशी आघाडी करावीच लागली. एकट्याने घटना लिहिणं कुणालाच शक्य नव्हतं आणि माझ्या मते ट्युनिशिया तरला तो याच नियमामुळे. यादीत स्त्री-पुरुष आलटून पालटून असावेत अशीही अट होती, पण अनेक याद्यांतून फक्त पहिला उमेदवार निवडून आला आणि तो बहुधा पुरुष असे.

2013 मध्ये शुक्री बेलईद आणि मोहम्मद ब्राहमी या दोन विरोधी नेत्यांच्या हत्या झाल्या आणि सगळं ठप्प झालं. तेव्हा पक्षांना एका टेबलाशी बसवलं ते यूजीटीटी या कामगार महासंघाने, उद्योजकांच्या, वकिलांच्या आणि मानवी हक्क संघटनेला सोबत घेऊन. 26 जानेवारी 2014 ला घटना 200 मतांनी मंजूर झाली.

शेवटचा टप्पा बार्दो. मेट्रोच्या 4 क्रमांकाच्या मार्गाने जाता येतं. मोझेकचं प्रसिद्ध संग्रहालय आणि संसद एकाच राजवाड्याच्या परिसरात आहेत. पक्षांची सर्वांत महागात पडलेली चूक इथलीच. घटनात्मक न्यायालयाच्या 12 पैकी 4 सदस्य संसदेने दोन तृतीयांश मतांनी निवडायचे होते. प्रत्येकाला आपला माणूस हवा होता, त्यामुळे वर्षानुवर्षं फेऱ्या झाल्या आणि न्यायालय उभंच राहिलं नाही. राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी 25 जुलै 2021 ला संसद गोठवली, तेव्हा ते घटनेत बसतं का हे ठरवणारं कुणी नव्हतं. निवडणुकीपलीकडे गावोगावी शाखा न टिकवलेल्या पक्षांसाठी रस्त्यावर फारसं कुणी उतरलंही नाही. पुढच्या, डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत याद्याच रद्द झाल्या : 161 एकसदस्यीय मतदारसंघ, प्रत्येक उमेदवाराला 400 मतदारांच्या सह्या. प्रमुख पक्षांनी बहिष्कार घातला आणि मतदान झालं सुमारे 11 टक्के.