दोन बाजारांचा हिशेब

दिवाळीच्या सुट्टीचा चौथा दिवस. रात्रीचे साडेदहा. लाइन आत्ताच आली.

काल आजीला घेऊन मोझरीला गेले होते. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची पुण्यतिथी, ४ वाजून ५८ मिनिटांची मौन श्रद्धांजली. एवढी गर्दी, पण कडेवरची पोरंसुद्धा चिडीचूप. परत येताना आजीनं एकदम विचारलं, "तिकडं तुमाले येशूची प्रार्थना कराच लागते काय?" मी बंगळुरूच्या ख्रिस्ती कॉलेजात मानसशास्त्र शिकायला गेले, तेव्हापासून तीन वर्षं हा प्रश्न तिच्या पोटात असणार. म्हटलं, लागत नाही; पण बुधवारी मी आपणहून चॅपलमध्ये जाते. मागच्या बाकावर बसते, तिथं कोणी काही विचारत नाही. "म्हंजे आपल्या ध्यानासारखं," ती म्हणाली, आणि तिच्यापुरता विषय संपला. मीच उगाच मोठं उत्तर तयार करून ठेवलं होतं. आम्हाला शिकवणाऱ्या फादरनी पहिल्याच तासाला सांगितलेलं, की 'सायकॉलॉजी'तल्या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ 'आत्मा', वगैरे. राहिलं ते.

गावात मी 'पागलायची डॉक्टर'. बी.ए.ची पोरगी गोळ्या लिहून देत नाही, हे सांगून थकले.

तिकडं बंगळुरूत वेगळीच तऱ्हा. विदर्भ म्हटलं की वर्गातले चेहरे पडतात. मला संत्र्याच्या आंबिया बहाराचं सांगायचं असतं, त्यांना ऐकायच्या असतात आत्महत्या. पहिल्या वर्षी एका तासाला मला उभं करून 'तुमच्याकडचं दुःख' सांगायला लावलं होतं. तो राग अजून गेलेला नाही. पुढं लायब्ररीत मानसिक आरोग्यावरच्या 'विश्राम' प्रकल्पाचा २०१७ चा शोधनिबंध हाती लागला. विदर्भातल्या ३० गावांत गावातल्याच माणसांना शिकवून, नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. आमच्याकडं दुःख आहे तसं हेही आहे, हे मला त्या दिवशी उभं राहून सांगता आलं असतं तर!

असो. खरं लिहायचंय ते आजचं.

प्रॅक्टिकलसाठी एका प्रौढ व्यक्तीकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याची प्रश्नावली भरून न्यायची आहे. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण. निदान करायचं नाही, फक्त विचारायचं कसं ते शिकायचं. शेजारची काकू तयार झाली. संमतीपत्रावर सही करताना म्हणाली, "कर्जाचं तर नाई ना व हे?"

पहिल्याच वाक्यात गाडी अडली. 'गेल्या दोन आठवड्यांत'. काकू म्हणाली, "दोन बाजार म्हन ना." मग सगळं बाजारांत मोजलं. मागच्या बाजारापासून झोप किती दिवस नव्हती, त्याच्या आधीच्या बाजारापासून किती. सरकीच्या ढेपीच्या भावासकट तिला सगळं आठवत होतं.

"थकवा वाटतो का?" यावर ती माझ्याकडं बघतच राहिली. "वेचनीत कोनाले नाई वाटत?" लिहिले ३. झोप, सोयाबीनच्या काढणीपासून मोडलेली, ३. भूक, २. आवड किंवा आनंद कमी वाटतो का म्हटल्यावर, "आनंद कायचा व पोरी, भाव पाह्यला काय?" तिथं १ दिला, कारण म्हणता म्हणता ती हसली. उदास वाटण्याला २. बेरीज ११. दहा ते चौदा म्हणजे 'मध्यम' नैराश्य. पण त्यातले आठ गुण तर हंगामाचे आहेत! की मीच तिचं दुखणं हंगामाच्या नावावर खपवतेय? दोन्ही खरं असू शकतं. तक्त्यात त्याला रकाना नाही.

नववा प्रश्न मरणाचा. फादरनी बजावलं होतं, विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही, न विचारल्यानं मात्र राहून जातं. तरी माझा आवाज फाटला. काकूनं हातातली वाटी खाली ठेवली. "नाई व माय. मले टाइम कुठी हाय." मग बराच वेळ अंगणातला चुला फुंकत राहिली. फुंकणी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "हा कागद यायले दाखवता येते काय?"

यायले म्हणजे काकांना. पोळा झाल्यावर बैलजोडी विकली, ट्रॅक्टरनं भागतं म्हणून. तेव्हापासून माणूस जेवायपुरता घरात येतो. मी इतका वेळ चुकीच्या माणसापुढं बसले होते.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर काकूच्या मोबाइलमध्ये घालून दिला. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, हे दोनदा सांगितलं. जवळच्या सरकारी दवाखान्यात सोबत येईन म्हटलं. ती "पाहू" म्हणाली. आमच्याकडचं "पाहू" म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. परवा पुन्हा जाईन.

येताना काका गोठ्यात दिसले. रिकाम्या दावणीपाशी दोर वळत होते. कागद पिशवीतच ठेवला. बाजूच्या उपड्या घमेल्यावर बसले. चांगली दहा मिनिटं आम्ही दोघंही गप्प. मग विचारलं, "काका, जोडीतला तो पांढरा, एक शिंग वाकडं असलेला, तो कुठं गेला?"

"डाव्या अंगाचा होता तो," काका म्हणाले. हात थांबले. "नव्या बादलीतलं पानी पेत नव्हता. म्या त्याइले सांगतलं, जुनी बादली घिऊन जा म्हून. नेलीच नाई त्यायनं."

बादली तिथंच होती, खुंट्यापाशी.