अँजिओप्लास्टीच्या आधीचे तास

छातीत दुखणाऱ्या माणसाला घेऊन आलेल्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न हल्ली बहुतेक वेळा ठरलेला असतो: "मॅडम, अँजिओप्लास्टीसाठी इथूनच थेट शहरात नेऊ का?" तालुक्याच्या गावी फिजिशियन म्हणून काम करताना या प्रश्नाचे उत्तर मला प्रत्येक वेळी नव्याने द्यावे लागते, कारण ते रुग्णाला काय झाले आहे यावर जितके अवलंबून असते, तितकेच दुखणे सुरू होऊन किती वेळ गेला आणि कॅथलॅब (अँजिओप्लास्टी जिथे होते ती खोली) किती लांब आहे यावरही अवलंबून असते. अँजिओप्लास्टीने जीव वाचतो हे खरे आहे, पण कोणाचा आणि कधी, हा प्रश्न मागेच राहतो.

आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये पहिल्यांदा हृदयाच्या रोहिणीत बारीक फुगा नेऊन अरुंद झालेली जागा मोकळी केली. तो पहिला रुग्ण हार्ट अटॅकचा नव्हता, अंजायनाचा, म्हणजे अरुंद नळीमुळे अधूनमधून होणाऱ्या छातीदुखीचा होता. त्यामुळे अरुंद नळी मोकळी केली की आयुष्य वाढणारच, अशी समजूत होणे स्वाभाविक होते. पण २००७ मध्ये 'करेज' आणि २०२० मध्ये 'इस्केमिया' या मोठ्या अभ्यासांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांचा आजार स्थिर आहे, त्यांना उत्तम औषधोपचाराच्या जोडीला स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) घातल्याने मृत्यूचे प्रमाण कमी झाले नाही. छातीदुखीला आराम मात्र मिळाला. (डाव्या मुख्य रोहिणीत मोठा अडथळा असलेले रुग्ण या अभ्यासांत नव्हते, त्यांचा विचार वेगळा करावा लागतो.) तपासणीत 'सत्तर टक्के ब्लॉकेज' निघाले म्हणून रात्रीच्या रात्री पैशांची जुळवाजुळव करणाऱ्या कुटुंबाला हे शांतपणे समजावून सांगणे मला महत्त्वाचे वाटते.

हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी आहे. तिथे रोहिणीतल्या चरबीच्या थराला भेग पडते, तिच्यावर रक्ताची गुठळी धरते, नळी अचानक बंद होते आणि तिच्यावर पोसला जाणारा स्नायू आतल्या बाजूकडून बाहेरच्या बाजूकडे मरत जातो. अशा वेळी नळी उघडणे हाच उपचार आहे. २००३ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण आले होते. त्यात गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन दिलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के, तर तातडीची अँजिओप्लास्टी झालेल्यांपैकी सुमारे ७ टक्के रुग्ण पहिल्या काही आठवड्यांत दगावले होते. फरक निश्चित आहे, पण तो कॅथलॅब वेळेत गाठता आली तरच पदरात पडतो. म्हणूनच निदान झाल्यापासून १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होणार नसेल, तर आधी इंजेक्शन द्यावे, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

आपल्याकडे घड्याळ कुठे अडते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिएट' नोंदणीने दाखवले. भारतातल्या २०,४६८ रुग्णांच्या या नोंदणीत दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोहोचेपर्यंतचा मध्यक वेळ ३६० मिनिटे होता, तर पोहोचल्यापासून इंजेक्शन मिळेपर्यंतचा ५० मिनिटे. म्हणजे सहा तास घरी, रस्त्यात आणि ॲसिडिटीच्या गोळ्या घेण्यात गेले. तीस दिवसांतले मृत्यू श्रीमंतांमध्ये ५.५ टक्के आणि गरिबांमध्ये ८.२ टक्के होते. मिळालेल्या उपचारांतला फरक हिशेबात धरल्यावर ही तफावत उरली नाही. ही ओळ मी कितीदा वाचली असेल सांगता येत नाही, कारण गरिबाचे हृदय वेगळे नव्हते, त्याला मिळालेला उपचार वेगळा होता.

गेल्या पावसाळ्यात एक शेतकरी गृहस्थ आले. सकाळपासून छातीवर दाब, डावा हात जड, अंगाला दरदरून घाम. घरी सोडा पिऊन झाला होता. ईसीजीच्या कागदावर हृदयाच्या खालच्या भागाच्या तीनही लीडमध्ये (नोंदींमध्ये) एसटी नावाची रेघ वर उचललेली होती, म्हणजे हार्ट अटॅक होता. सर्वांत जवळची कॅथलॅब घाट उतरून तीन तासांवर होती. रक्तस्रावाचा धोका नाही ना, हे प्रश्नांची यादी समोर ठेवून तपासले, ॲस्पिरिन चघळायला दिले आणि वजनानुसार टेनेक्टेप्लेज या गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचे इंजेक्शन शिरेतून दिले. नव्वद मिनिटांनी काढलेल्या ईसीजीत ती रेघ अर्ध्याहून अधिक खाली आली होती आणि दुखणे थांबले होते. मुलाला वाटत होते की आपण इथे थांबून वेळ घालवतो आहोत. पण वडिलांची नळी उघडण्याचे काम त्याच वेळात झाले होते. नंतर त्यांना डॉक्टरसोबत रुग्णवाहिकेतून पाठवले आणि दुसऱ्या दिवशी शहरात अँजिओप्लास्टी झाली.

आधी इंजेक्शन, मग अँजिओग्राफी या पद्धतीला २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीचा आधार आहे. तासाभरात कॅथलॅब गाठू न शकणाऱ्या आणि लवकर आलेल्या रुग्णांमध्ये तिचे परिणाम थेट अँजिओप्लास्टीच्या तोडीचे निघाले. मेंदूतला रक्तस्राव मात्र थोडा जास्त आढळला, त्यामुळे चाचणी चालू असतानाच ७५ वर्षे आणि त्यापुढच्या रुग्णांचा डोस निम्मा करण्यात आला. शिवाय एक तृतीयांशाहून अधिक रुग्णांना तरीही तातडीची अँजिओप्लास्टी लागली, म्हणून इंजेक्शन देऊन रुग्णाला इथेच ठेवणे बरोबर नाही. तमिळनाडूत लहान रुग्णालये मोठ्या केंद्रांना जोडून हीच साखळी उभी केली गेली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात प्रत्येक तालुक्याला कॅथलॅब मिळण्याची वाट पाहण्यापेक्षा ही साखळी घट्ट करणे मला अधिक निकडीचे वाटते.

स्टेंट बसल्यानंतरही काळजी संपत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतींवर मर्यादा घातली आणि औषधयुक्त स्टेंट २९,६०० रुपयांवर आला. हा मोठाच दिलासा होता. पण रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर चालू ठेवाव्या लागतात, आणि 'आता बरे वाटते' म्हणून त्या मध्येच बंद केल्या तर त्याच स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते.

पक्षाघातात हे सगळे गणित आणखी नाजूक होते. मेंदूतली नळी बंद झाली काय किंवा फुटली काय, बाहेरून दिसणारी लक्षणे सारखीच असतात. तोंड वाकडे होते, हात गळतो, बोलणे अडखळते. म्हणून सीटी स्कॅनआधी ॲस्पिरिन देऊ नये, आणि रक्तदाब वाढलेला दिसला म्हणून जिभेखाली गोळीही ठेवू नये. गुठळी विरघळवण्याच्या इंजेक्शनची मुदत साडेचार तासांची आहे. मोठी नळी बंद असेल तर जांघेतून तार नेऊन गुठळी ओढून काढता येते. २०१५ मध्ये पाठोपाठ आलेल्या पाच चाचण्यांनी या उपचाराचा फायदा सिद्ध केला आणि २०१८ मध्ये निवडक रुग्णांसाठी मुदत २४ तासांपर्यंत गेली. मात्र हृदयात चालते ते मेंदूत चालेलच असे नाही. मेंदूतल्या अरुंद रोहिणीत स्टेंट घालण्याच्या 'सॅम्प्रिस' चाचणीत तीस दिवसांतले पक्षाघात आणि मृत्यू १४.७ टक्के झाले, तर केवळ औषधांवर ठेवलेल्यांमध्ये ५.८ टक्के; २०११ मध्ये त्या चाचणीत नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले.

या सगळ्या मुदती रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून मोजतात, आणि पहाटे हात उचलत नाही म्हणून जागा झालेल्या माणसाबाबत ती वेळ आदल्या रात्रीची असते. म्हणून अशा रुग्णाला पुढे पाठवताना चिठ्ठीवर नावाच्या खालीच मी ती वेळ लिहिते, त्याला पाणीसुद्धा पाजू नका असे सोबतच्यांना सांगते, आणि रुग्णवाहिका निघण्याआधी पुढच्या रुग्णालयात सीटी स्कॅनचे मशीन चालू आहे का, हे फोन करून विचारते.