सबमिशनचा आठवडा

6 ऑक्टोबर, सोमवार

आज कोजागरी. खाली गल्लीत मसाला दुधाचं पातेलं चढलंय, कुणीतरी स्पीकर आणलाय, आणि मी पुढच्या खोलीत बसून लोकांचे ताण मोजतेय. टीवायच्या, म्हणजे मानसशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाच्या, प्रोजेक्टचा विषय मीच सुचवला होता. ठाणे-वाशी लाइनने रोज येणाऱ्या-जाणाऱ्या मुलामुलींना किती ताण जाणवतो आणि अडचणीत त्यांना आधार कुणाचा वाटतो, हे बघायचं. सुचवताना फार भारी वाटलं होतं.

ताणासाठी आम्ही शेल्डन कोहेन या मानसशास्त्रज्ञाची प्रश्नावली घेतलीये. ती मूळ 1983 सालची, आमच्याकडे तिचं 10 प्रश्नांचं रूप आहे. प्रत्येक प्रश्नाला 0 ते 4, म्हणजे एकूण 40. गेल्या महिन्यात किती वेळा हे वाटलं, किती वेळा ते वाटलं, असं विचारत जायचं. त्यातले चार प्रश्न मात्र उलटे असतात. आपल्या अडचणी आपण निभावून नेऊ असा भरवसा वाटला का, या छापाचे. तिथे 4 म्हणजे ताण कमी. म्हणून बेरीज करण्याआधी त्या चार प्रश्नांचे आकडे फिरवून घ्यावे लागतात, 4 चा 0, 3 चा 1, असे.

माझ्या पार्टनरने ते फिरवलेच नव्हते. (तिला आम्ही डोंबिवलीकर म्हणतो, इथेही तेच लिहिते.) परीक्षेच्या आदल्या रात्री टर्फवर क्रिकेट खेळणारा मुलगा आणि अ‍ॅटेंडन्सच्या नुसत्या नोटिशीने रडू कोसळणारी मुलगी, दोघांची बेरीज जवळपास सारखी आलेली पाहिली तेव्हा मला संशय आला. फॉर्म काढून बघितले. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे तसेच.

हे मी तिला ठाणे स्टेशनच्या पुलावर सांगितलं. संध्याकाळी सहाची वेळ. त्या पुलावर भांडताही येत नाही धड. थांबलं की मागून धक्का, चाललं की समोरून. तिने म्हटलं, "एवढं कळत होतं तर तूच करायचंस ना सगळं." मी म्हटलं, "सगळं मीच तर करतेय." पुढचं तिला ऐकूच गेलं नसेल, ती कल्याण बाजूच्या जिन्याकडे ढकलली गेली आणि मी वाशीच्या गाडीसाठी नऊ नंबर प्लॅटफॉर्मकडे. एका अर्थी बरंच झालं. पुढचं वाक्य जास्त वाईट होतं.

आई दोनदा हाक मारून गेली. दूध थंड होतंय.

8 ऑक्टोबर, बुधवार

नवी मुंबईच्या विमानतळाचं आज उद्घाटन झालं. कॉलेजातून येताना अख्ख्या गल्लीत ज्याच्या-त्याच्या दारातून तोच आवाज. आमच्या घरात तेवढी शांतता. पप्पा घरी नव्हते. बरं वाटलं, कारण रविवारपासून आम्ही एकमेकांशी बोलत नाही.

रविवारचं लिहायचं टाळत होते, लिहूनच टाकते. पप्पा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटला माथाडी आहेत. पहाटे साडेतीनला उठतात. 50 किलोची गोणी पाठीवर घेत आयुष्य गेलं, आता गुडघे बोलतात. त्यांचं म्हणणं साधं आहे: ग्रॅज्युएट झालीस की बँकेच्या परीक्षा दे, मिळव नोकरी, मग काय शिकायचं ते शीक. मला एमए करायचंय, मानसशास्त्रातच. एमए दोन वर्षं आणि मनावर उपचार करायचे तर त्यानंतरही शिक्षण संपत नाही, हे मी त्यांना स्वतःहून सांगितलं. लपवून काय उपयोग. ते म्हणाले, "म्हणजे शेवटी ठाण्यालाच जाणार म्हण की."

ठाण्याला म्हणजे कुठे, ते मराठी माणसाला सांगायला नको. मनोरुग्णालय 1901 सालचं, तेव्हापासून ह्या शहराच्या नावाला तो एक विनोद चिकटलाय. इतर कुणी केला असता तर मीही हसले असते. मी रोज ठाण्यालाच जाते! पण त्या क्षणी डोक्यात गेलं. मी आवाज चढवला, त्यांनी ताट सरकवलं, भाऊ पुस्तक घेऊन मोरीत जाऊन उभा राहिला. (बारावीचं वर्ष आहे त्याचं. बिचाऱ्याला अभ्यासाला आत जागा नाही, बाहेर आमची तोंडं.)

पुस्तकात ह्या सगळ्याला व्यवस्थित खण करून ठेवलेत. कुर्ट लेविनने मनातल्या संघर्षाचे प्रकार पाडले. दोन्ही गोष्टी हव्याशा असतील तर उपगम-उपगम, दोन्ही नकोशा असतील तर परिहार-परिहार, आणि एकच गोष्ट हवीशीही आहे अन् तिची धास्तीही आहे तर उपगम-परिहार. पुढे नील मिलरने दाखवलं की ध्येय जसं जवळ येतं तशी ओढ वाढते, पण भीती तिच्यापेक्षा जास्त चढाने वाढते. लांबून सगळं गोड दिसतं, जवळ गेलं की पाय मागे येतात. हे मला कुणी शिकवायला नको होतं. एफवायला असताना मी एमएबद्दल सगळ्या नातेवाइकांना छाती काढून सांगायचे. आता फॉर्मची वेळ तोंडावर आलीये तर मीच गुपचूप बँकेच्या परीक्षेचा सिलॅबस डाउनलोड करून ठेवलाय. पप्पांना हे माहीत नाही. माहीत झालं असतं तर रविवारचं भांडण निम्म्यावर आलं असतं, आणि म्हणूनच सांगितलं नाही. रागाचं हे मला आजवर कोड्यात टाकणारं प्रकरण आहे. जिंकायचं कशात, ते विसरलं तरी हरायचं नसतं.

10 ऑक्टोबर, शुक्रवार

जागतिक मानसिक आरोग्य दिन. कॉलेजात पोस्टर स्पर्धा. मेंदूवर उगवलेली फुलं, साखळ्या तुटलेले हात, हिरवी रिबन. पहिलं बक्षीस फुलांना. एक चांगली गोष्ट झाली, मॅडमनी सगळ्यांना मोबाइल बाहेर काढायला लावून टेलिमानसचा 14416 हा नंबर सेव्ह करून घेतला. सरकारी हेल्पलाइन आहे, 2022 साली ह्याच तारखेला सुरू झालेली, मराठीतही बोलता येतं. मागच्या बाकावरून कुणीतरी "प्रॅक्टिकलच्या मार्कांसाठी चालतो का" असं विचारलं आणि वर्ग हसला. मॅडमही हसल्या. पण नंबर सगळ्यांनी सेव्ह केला, मी बघितलं.

लायब्ररीत बसून आधाराचं प्रकरण लिहायला घेतलं. जेम्स हाऊसने 1981 मध्ये सामाजिक आधाराचे चार प्रकार सांगितले: भावनिक, साधनात्मक म्हणजे प्रत्यक्ष मदतीचा, माहितीचा, आणि आपलं कुठे चुकतं कुठे बरोबर हे कळवणारा. वहीच्या मागच्या पानावर गंमत म्हणून आमच्या घराचा तक्ता केला. प्रत्यक्ष मदतीच्या खणात जागा पुरेना. आईचे डबे, भावाने डाउनलोड करून दिलेले पेपर, काकांनी दिलेला जुना लॅपटॉप. भावनिकच्या खणात बराच वेळ पेन टेकवून बसले. आमच्याकडे "तुला कसं वाटतंय" असं कुणी कुणाला विचारत नाही. "जेवलीस का" विचारतात.

असल्या खणांनी मला सोमवारपासूनच गंडवलं होतं असं आता वाटतं. त्यात मदत करणारे एकीकडे आणि डोकं फिरवणारे दुसरीकडे असतात. पुस्तकातही तसंच, ताणाचं प्रकरण वेगळं, आधाराचं वेगळं. आमच्या घरात दोन्हीकडे तीच माणसं भरावी लागतात.

आणि मग तो अभ्यास सापडला, बोल्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांचा, 2000 सालचा. न्यूयॉर्कमध्ये वकिलीच्या परीक्षेला बसणारी मुलं आणि त्यांचे जोडीदार. दोघांनीही रोज वेगवेगळी डायरी लिहायची: आज मी आधार दिला का, आज मला आधार मिळाला का, मन कसं होतं. निघालं ते असं, की ज्या दिवशी परीक्षार्थीने "आधार मिळाला" असं लिहिलं, त्यानंतर त्याचं मन सुधारण्याऐवजी उलट खालीच गेलेलं दिसायचं. आणि जोडीदाराने "दिला" असं लिहिलेलं, पण परीक्षार्थीच्या डायरीत त्याचा पत्ताच नाही, तिथे मन जास्त सावरलेलं. न दिसणारा आधार, असं त्यांनी त्याला म्हटलं. कारण असं सांगतात की आपल्याला कुणीतरी सांभाळून घेतंय हे कळलं की आपण कमी पडतोय हेही कळतं.

मला हे पटायला जरा जड गेलं. म्हणजे आईने डबा दिला तर मी मनाने खचते? खचत नाही, तक्रार करते फार तर. पण डब्याची सवय झालेली असते, ती मदत म्हणून दिसतच नाही, हेही खरं.

आता जे लिहायचंय ते. संध्याकाळी शेजारच्या काकू दळण घेऊन येताना भेटल्या. म्हणाल्या, "तुझ्या बापाला सांग गं, रोज दहा-दहा वाजेपर्यंत कट्ट्यावर काय बसतो डास खात. पहाटे उठायचं असतं त्याला." मी म्हटलं, रोज? "मग! बुधवारी तर विमानतळाचं बघायला आमच्याकडं आला. म्हटलं तुमचा टीव्ही बिघडला का. म्हणतो, पोरगी बसलीये लिहीत."

आमच्या दोन खोल्या. आतल्या खोलीत भाऊ. टीव्ही पुढच्या खोलीत, आणि पुढच्या खोलीत गेला आठवडाभर मी, फॉर्म पसरून. मला वाटत होतं ते तोंड चुकवतायत. कदाचित चुकवतही असतील, दोन्ही खरं असू शकतं. पण बातम्यांशिवाय ज्या माणसाला घास उतरत नाही, त्याने विमानतळ शेजाऱ्यांच्या घरी बघितला.

भिंतीवर माथाड्यांचे नेते अण्णासाहेब पाटील यांचा फोटो आहे, तसा आमच्याकडे बहुतेक घरांत असतो. माथाडी कायदा 1969 चा. त्याआधी हमालाला ना पीएफ, ना रजा, मजुरीचीही खात्री नाही. कायद्याने बोर्ड आलं, व्यापाऱ्याकडून लेव्ही, म्हणजे मजुरीवरची वरची रक्कम, यायला लागली. हे सगळं पप्पा फार अभिमानाने सांगतात, मी लहानपणापासून ऐकत आलेय आणि अर्धं लक्ष देत आलेय. पण हमालांच्या टोळीबद्दल ते सांगतात ते लक्षात राहिलंय. भरलेली गोणी एकट्याने पाठीवर घेता येत नाही, दोघांनी उचलून ठेवावी लागते. आणि ठेवणारे काही बोलत नाहीत. "काय बोलणार? पुढची गोणी असती की." वर त्या टोळीत भांडणं इतकी की मुकादमाचा निम्मा दिवस ती मिटवण्यात जातो.

त्यांना काही बोलले नाही अजून. काय बोलणार? टीव्ही लावा म्हटलं तर त्यांना कळेल की मला कळलंय, आणि मग तोही विषय होईल.

12 ऑक्टोबर, रविवार

काल डोंबिवलीकरला तलावपाळीला भेटले. मेसेज तिचाच आला होता: "फॉर्म घेऊन ये." बास, एवढाच. ती आकडे वाचत गेली, मी लॅपटॉपवर भरत गेले. चौथा, पाचवा, सातवा, आठवा उलटा. तिथल्या मासुंदा तलावाच्या कट्ट्यावर ऊन आलं तसं आम्ही सरकत सरकत सावलीत गेलो. मध्ये भेळ खाल्ली, पैसे तिने दिले. पुलावरच्या भांडणाचं नाव दोघींनीही काढलं नाही. तिने सॉरी म्हटलं नाही. मलाही अजून थोडं खुपतंय, खोटं कशाला लिहू. पण क्रिकेटवाला आता जागेवर आलाय, खूप खाली. रडणाऱ्या मुलीचा आकडा बराच वर गेलाय. तिच्याशी बोलायला हवं, प्रोजेक्ट म्हणून नाही.

आज दुपारी पप्पा घरी होते. प्रश्नावलीचं मराठी भाषांतर कुणा बिगरकॉलेजवाल्याला कळतं का, ते तपासायचं होतं. आईला म्हटलं तर ती म्हणाली, मला फराळाची यादी करायचीये, त्यांना विचार. बरं विचारते. बसले समोर. गेल्या महिन्यात किती वेळा तुम्हाला वाटलं की महत्त्वाच्या गोष्टी आपल्या हातात राहिल्या नाहीत?

"महिन्याचं कोण ध्यानात ठेवतंय? आठवड्याचं विचार."

"पप्पा, प्रश्न बदलता येत नाही."

"मग लिही, लय येळा."

दहाही प्रश्न त्यांनी नीट ऐकले, मधेच एकदा पुन्हा वाच म्हणाले. भरवशाच्या प्रश्नाला मात्र क्षणाचाही विचार न करता 4. आकडा काय आला ते इथे लिहीत नाही, ज्यांचे फॉर्म मोजायचेत त्या आमच्या नमुन्यात पप्पा नाहीत. संपल्यावर विचारलं, "आता ह्याचं काय करतात?" मी सांगितलं. कुणाला किती ताण आहे आणि तो पेलायला आसपास कोण आहे, हे कळलं तर मदत कुठे लागेल ते कळतं. कोहेन आणि विल्स यांनी 1985 मध्ये मांडलं की आधार असला म्हणजे ताण येत नाही असं नाही, त्याचा मार तेवढा कमी बसतो. ते म्हणाले, "ह्याला दोन वर्षं लागतात व्हय?"

"हे तिसऱ्या वर्षाचं आहे. दोन वर्षं त्याच्यापुढची."

थोड्या वेळाने, बनियनवरच, पंख्याकडे बघत: "फी किती?"

सांगितली. त्यांनी तोंडाने आवाज केला, गोणी खाली टाकताना करतात तसा. मी म्हटलं, बँकेचाही फॉर्म भरते. सिलॅबस आहे माझ्याकडे. पण एमएचा भरणार म्हणजे भरणार. तर म्हणाले, "दोन्ही भर. पैसे आईकडनं घे."

"माझ्याकडनं?" आतून आई आली, हातात यादी तशीच. "दिवाळी आठवड्यावर आलीये, माझ्याकडं झाड लागलंय का?" आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं, ते मी हे लिहितेय तोवर चालूच आहे.