आडवी चिठ्ठी

साखर कारखान्याच्या गट ऑफिसात, म्हणजे काही गावांची ऊसतोड जिथून चालते तिथे, मी अकरा दिवस नुसती बसून होते. चिटबॉयांना, म्हणजे ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या माणसांना, वाटलं, बाई ऑडिटची असणार. तिसऱ्या दिवशी एकाने विचारलंच, "मॅडम, तुमास्नी बसायचा पगार मिळतोय का?"

खरं सांगायचं तर हो.

कारखान्याचं नाव लिहीत नाही. सांगली जिल्ह्यातला, वाळवा तालुक्यातला आहे एवढं पुरे. त्यांना तोडणी कार्यक्रमाचं ॲप हवं होतं. लागण तारीख, उसाची जात, आडसाली (दीड वर्षाचा ऊस) की खोडवा (आधी तुटलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटलेला), तोडणी मजुरांची टोळी किती लांब, हे भरलं की कुणाचा ऊस कधी तुटणार ते ॲप सांगणार. चिठ्ठी थेट चिटबॉयच्या फोनवर जाणार आणि गट ऑफिसांची भाडी वाचणार. आमच्या कंपनीने पहिलं रूप तयारही केलं होतं. आधी तिथे बसू द्या, हा हट्ट माझा. मानववंशशास्त्र शिकून सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या माणसाचं खूळ म्हणून तो मान्य झाला असावा.

ओव्हरसियर साहेबांच्या मागे भिंतीवर पुठ्ठ्याचा बोर्ड होता. प्रत्येक टोळीला एक रबर ताणलेलं, त्यात पुढच्या तोडीच्या चिठ्ठ्या ओळीने खोचलेल्या. त्यातल्या काही आडव्या. "आडवी का?" तर "आडवी हाय ती." एवढंच उत्तर. हळूहळू उलगडलं. एकाने परवाच पाणी पाजलं होतं, काळ्या रानात ट्रॉली रुतली असती. दुसरीकडे बांधावरून वाट द्यायचं भांडण. तिसऱ्या चिठ्ठीचं कारण मात्र कुणी सांगेना.

1990 च्या आसपास इंग्लंडमध्ये लँकेस्टर विद्यापीठाची संशोधक मंडळी विमान वाहतूक नियंत्रण कक्षात अशीच बसली होती. तिथे प्रत्येक विमानाची एक कागदी पट्टी रॅकमध्ये असायची. एखाद्या विमानाकडे लक्ष हवं असेल तर नियंत्रक ती पट्टी ओळीतून जराशी बाहेर सरकवायचा. शेजारच्यालाही ते दिसायचं. वाचताना मला ते बारीक निरीक्षण वाटलं होतं, इथे ते पुठ्ठ्यावर खोचलेलं होतं.

आठव्या दिवशी साडेअकराच्या सुमारास साहेबांचा फोन वाजला. "जळीत? तिघांचं? तारा घासल्या व्हय?" एवढंच ते बोलले. जळका ऊस थांबत नाही. वजन घटतं, साखर उतरते, वर कारखान्याची कपात. साहेब अजून फोनवरच होते आणि खोलीत कुणी कुणाला काही सांगितलं नाही. तरी खिडकीजवळच्या थोरल्या चिटबॉयने एका टोळीच्या मुकादमाला फोन लावला होता, "हातातलं तोडून ठिवा आन् निघा." दुसऱ्याने त्याच्याकडे न बघता बोर्डवरच्या त्याच टोळीच्या दोन चिठ्ठ्या काढून आडव्या खोचल्या. तिसरा केन यार्डला, म्हणजे कारखान्यात उसाच्या गाड्या थांबतात तिथे, कळवत होता. साहेबांनी फोन ठेवला तेव्हा टोळी निघालेली होती. मी घड्याळ पाहिलं, चार मिनिटं झाली होती.

लंडनच्या भुयारी रेल्वेच्या नियंत्रण कक्षात संशोधकांनी असंच टिपलेलं आहे. नियंत्रक ड्रायव्हरशी बोलत असतो, शेजारचा माणूस अर्ध्या कानाने ऐकतो आणि कुणी सांगायच्या आत प्रवाशांसाठी घोषणा सुरू करतो. आमच्या ॲपमध्ये हे तिघे तीन गावांत, तीन फोन घेऊन बसणार होते.

मी लॅपटॉपवर तेच रान ॲपला दिलं. ॲपने दीड किलोमीटरवरची टोळी निवडली. थोरल्याने पाठवलेली सहा किलोमीटरवरची होती. त्याला स्क्रीन दाखवली तर तो हसला. "ती बैलगाडीवाली हाय ओ. जळक्या उसाला वाढं कुठनं येणार? बैलांनी काय खायाचं?" वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा, बैलांची वैरण. ट्रॅक्टरवाल्यांचेही वाढे विकून मिळणारे पैसे बुडतातच, पण ते शेतकऱ्याकडून खुशाली (वरचे पैसे) घेऊन भागवतात. आमच्याकडे टोळीच्या वाहनाचा प्रकार नोंदलेला होता. त्याचा बैलाच्या पोटाशी संबंध असतो, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

मुख्य कार्यालयातल्या बैठकीत मी दोनच गोष्टी मागितल्या. गट ऑफिस बंद करू नका, तिथे सगळ्यांना दिसेल असा मोठा स्क्रीन लावा. आणि चिठ्ठी कुणालाही आडवी करता यावी, कारण विचारू नका. पहिली मान्य झाली. दुसरीवर एक अधिकारी म्हणाले, "कारण नाही म्हणजे वशिला."

ते चुकत नव्हते. तिसऱ्या चिठ्ठीचं कारण मला दहाव्या दिवशी चहाच्या टपरीवर कळलं होतं. त्यात रस्ता, पाणी, बांध काही नव्हतं. गावच्या निवडणुकीचा जुना हिशोब होता. तो शेतकरी रोज सायकलवरून येऊन दारात उभा राहायचा. अहवालात मी ते लिहिलं नाही. ज्यांनी मला अकरा दिवस बसू दिलं त्यांना तोंडघशी पाडायचं नव्हतं, हे एक. पण त्या सायकलवाल्याने माझं कुठे काय वाईट केलं होतं? यावर मी अजून घुटमळते.

तडजोड झाली. आडवी करताना नऊ कारणांच्या यादीतून एक निवडणं सक्तीचं. हंगाम संपल्यावर रिपोर्ट माझ्याकडे आला. आडव्या चिठ्ठ्या भरपूर होत्या, आणि जवळजवळ प्रत्येकीपुढे यादीतलं पहिलंच कारण होतं: रस्ता ओला. मार्चच्या उन्हातसुद्धा.